जावयाचा नंबर

आमच्या घरात गुपित टिकत नाही, कारण घर दोन खोल्यांचं आणि सासऱ्यांचा फोन बटणांचा. त्या फोनचा आवाज एवढा मोठा आहे की पलीकडचा काय बोलतोय ते आधी शेजाऱ्यांना कळतं, मग सासऱ्यांना. असं असूनही घरातली माहिती बाहेर जाऊ न देण्याच्या बाबतीत आमच्याकडे सगळ्यात कडक माणूस कोण, तर हेच सासरे. त्यांना मी मामा म्हणते. ही हकिकत त्यांची, माझ्या धाकट्या नणंदेची आणि तिच्या नवऱ्याची. ती लिहायला तिघांनीही एकाच अटीवर होकार दिला, की नाव कुणाचं यायचं नाही. नणंदेनं कच्चा मजकूर वाचून दोन ओळी खोडल्या. त्या कोणत्या, ते मी सांगणार नाही.

मामांचं गाव फुलंब्रीच्या पुढं आत. घराणं मेंढपाळाचं. पोरवयात ते मेंढरांमागं पार फर्दापूरच्या डोंगरांपर्यंत फिरलेत. त्या फिरण्यात थोरल्यांनी त्यांना एक शिस्त लावली होती. वाटेत कुणी विचारलं, "मेंढरं किती?" तर आकडा सांगायचा नाही. "हायेत की देवाच्या दयेनं," एवढंच म्हणायचं. कुणी विचारलं, "कुणाची?" तर "पाव्हण्याची" म्हणून मोकळं व्हायचं. आकडा सांगितला की नजर लागते, हे एक कारण. पण मामांनी मला दुसरंही सांगितलं होतं, आणि मला ते जास्त पटतं.

"पोरी, इचारणाऱ्याला आपल्या मेंढरांचं कौतुक नसतंय. त्याला कायतरी ठरवायचं असतंय."

पुढे मेंढरं गेली, मामा शहरात आले आणि एका कंपनीच्या फाटकावर नोकरीला राहिले. तिथं आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव काय, गाव कोणतं, कुणाकडे आलात, असं विचारत बसले. स्वतः मात्र कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. एकदा घरोघरी माहिती घेणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आजोबा, घरात माणसं किती?" मामा म्हणाले, "हायेत की." बिचाऱ्या बाई चहा पिऊन, उरलेलं सगळं माझ्याकडून विचारून गेल्या.

मी याच्या बरोबर उलट. मला सवलत दिसली की माझा हात आपोआप पुढे होतो. अंगठा टेकवा म्हटलं की टेकवते, 'मान्य आहे' असं लिहिलेलं दिसलं की दाबते. खाली बारीक अक्षरांत काय आहे ते वाचायला मला वेळ नसतो आणि चष्माही सापडत नाही. माझ्या फोनमध्ये भाजीचं ॲप आहे, किराण्याचं आहे, औषधांचं आहे, साड्यांची तर चार आहेत. एकदा मिक्सरचं भांडं फुटलं म्हणून मी स्वयंपाकघरात उभी राहून नवऱ्यापाशी कुरकुर केली, आणि संध्याकाळपर्यंत फोन उघडावा तिथं मिक्सर. भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं, पण भिंत निदान त्याच संध्याकाळी मिक्सर विकायला येत नाही. नवरा म्हणाला, तूच आधी शोधला असशील. असेनही. पण मला तरी आठवत नाही.

मामा हे सगळं बघायचे आणि म्हणायचे, "तू कळप रस्त्यावर सोडून झोपतीस."

तर मोठमोठी दुकानं शहरात आली आणि मामांच्या शिस्तीची परीक्षा सुरू झाली. जालना रोडवरच्या एका झगमगीत दुकानात मी त्यांना पहिल्यांदा घेऊन गेले तो प्रसंग मला लख्ख आठवतो. मामांनी स्वतःसाठी दोन बनियन आणि एक पंचा घेतला होता. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "अंकल, मोबाइल नंबर?"

"कशाला?"

"बिल के लिए."

"बिल कागदावर दे की, बाई. मला वाचाया येतं."

"सिस्टीम आगेच नहीं जाती अंकल, नंबर डाले बगैर."

मागं रांग लागलेली. कुणीतरी म्हणालं, "दे डालो ना चचा, क्या होता?" मी नेहमीसारखी माझा नंबर सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनी हात आडवा घातला आणि खड्या आवाजात, एकही आकडा न चुकता, जावयाचा नंबर सांगितला.

मामांना स्वतःचा नंबर पाठ नाही. मुलाचा नाही, माझा नाही. जावयाचा मात्र लेकीच्या लग्नापासून तोंडपाठ. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की फोन हरवला, बॅटरी गेली, काही झालं, तरी लेक दिली त्या घराला हाक मारता आली पाहिजे. त्यांच्या मायेचा हा कोपरा मला फार आवडतो. पण त्या दिवशी दुकानाबाहेर मी विचारलं, "मामा, त्यांचा कशाला दिला?" तर म्हणाले, "कुणाची मेंढरं? पाव्हण्याची. जावाई लांब पुण्याकडं हाये. त्याच्या नंबराचं हे लोक काय लोणचं घालत्यात का?"

मी रस्त्यात उभी राहून हसले. आणि मग ते कायमचंच झालं. चपलेचं दुकान असो, औषधाचं असो, पिठाच्या गिरणीशेजारचं नवं सुपर मार्केट असो, मामा एकच नंबर सांगायचे. तो आमच्यात 'नेहमीचा' नंबर म्हणून ओळखला जाऊ लागला.

जावई चाकणच्या बाजूला एका कारखान्यात आहेत. दिवाळीला आले की पाया पडता पडता म्हणायचे, "मामा, परवा शेंगदाणे लई घेतले तुम्ही. लाडू हायेत वाटतं." मामांना तेवढं ऐकूनच धन्य वाटायचं. दुकानाकडून येणारे संदेश जावई पुसून टाकत नसत, वाचत. हल्ली संदेशात नुसती रक्कम नसते, एक निळी ओळ असते, ती दाबली की आख्खं बिल उघडतं, काय घेतलं, कुठल्या मापाचं, कुठल्या शाखेतून. जावई म्हणायचे, सासुरवाडीचं वर्तमानपत्र रोज घरपोच येतंय, वर्गणी नाही.

एकदा तर त्या वर्तमानपत्रानं आमच्यावर उपकारच केले. सासूबाई शेवटच्या आजारात होत्या. लांब असलेल्या लेकीला उगाच घोर नको म्हणून आम्ही कळवलं नव्हतं. मामांनी औषधाच्या दुकानातून ग्लुकोज पावडर, मोठ्या माणसांचे डायपर असं काहीबाही आणलं आणि तासाभरात जावयांचा फोन. "सासूबाई अंथरुणाला खिळल्यात का? आम्ही निघालोय." दुसऱ्या दिवशी लेक आईच्या उशाशी होती. त्यामुळे आईचे शेवटचे दिवस तिला मिळाले. म्हणून मी पुढे जे सांगणार आहे त्यात जावयांना कुणी वाईट समजू नये. फार भला माणूस आहे.

पण त्या भल्या माणसाला एक खोड आहे. तो बायकोचं वाक्य पुरं होऊ देत नाही.

नणंद म्हणणार, "मला वाटतंय आपण..." की लगेच, "रिक्षानं जाऊ, हो, ऊन लई आहे." तिला खरं तर उसाचा रस प्यायचा असतो. हॉटेलात तिला काय हवं ते तेच सांगतात. डॉक्टर तिला विचारतात, कुठं दुखतंय, आणि उत्तर यांच्याकडून येतं. पंचाईत ही, की बरेचदा ते बरोबरही असतं. रागवावं तर कशावर? माणूस काळजीनं बोलतो. मी एकदा नणंदेला चेष्टेनं म्हटलं, "ताई, तुम्ही नुसतं 'अ' म्हणा, बाराखडी ते म्हणतील." ती हसली, पण त्या हसण्यात काही जीव नव्हता. माझं मला वाईट वाटलं.

तर गेल्या उन्हाळ्यात नणंद लेकीला घेऊन माहेरपणाला आली. लेक म्हणजे माझी भाची, आता पहिलीत जायची. आंब्याचे दिवस संपत आले तरी नणंदेचं परत जायचं निघेना. मग एका दुपारी आम्हा तिघांना, म्हणजे मला, माझ्या नवऱ्याला आणि मामांना, समोर बसवून ती बोलली. लग्नाआधी तिनं इथंच फार्मसीचा डिप्लोमा केला होता, तो इतकी वर्षं ट्रंकेत होता. करमाडच्या अलीकडं एका औषधांच्या कंपनीत तपासणीच्या खात्यात तिला नोकरी मिळाली होती. मुलाखत ती 'मैत्रिणीकडे जाऊन येते' म्हणून देऊन आली होती. कंपनीची बस आमच्या चौकातून जाते. भाचीला इथल्याच शाळेत घालायचं, काही वर्षं इथं काढायची, जावयांनी सुट्टीला यायचं, पुढचं पुढे बघायचं, असं तिनं सगळं नीट मनाशी मांडलं होतं.

"जावाईबापूंला म्हाइत हाये?" मामांनी विचारलं.

"नाय आबा. पक्कं पत्र हातात आलं की मी सांगणार. रविवारी, ते घरी असतेत तवा. शाळेत नाव घालायच्या आधी सांगणार. तवर तुम्ही कुणी काय बोलायचं नाय."

नवरा म्हणाला, "अगं, ते नाही म्हणणार नाहीत. मी बोलू का?"

तेव्हा नणंद अशी चिडली की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "नको दादा. नाय म्हणतील म्हणून भ्याले नाय मी. त्यांना अर्धं कळलं ना, की उरलेलं तेच बोलत्यात. बस कुठली, डबा काय, लेकीची शाळा कुठली, सगळं तेच ठरवून टाकतील, आन चांगलंच ठरवतील. पण मग ते माझं राहत नाय. एवढं एक मला माझ्या तोंडानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचंय."

आम्ही तिघांनीही शब्द दिला. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला माहीत आहे, त्यामुळे मी जावयांचा फोन आला की सरळ बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. मामांची काही चिंताच नव्हती. ते म्हणजे कुलूप.

आणि मग मामांनी बूट आणले.

त्या दिवशी नणंद कंपनीत कागदपत्रं द्यायला गेली होती. भाची टीव्हीसमोर. मामा उन्हातून आले ते घाम पुसायच्या आधी पिशवी माझ्यापुढं धरून म्हणाले, "बघ, कसे हायेत." आत शाळेचे काळे बूट, पांढऱ्या मोज्यांचे दोन जोड, वर फुलपाखरू असलेली पाण्याची बाटली. आपल्या पैशानं नातीला पहिलीचे बूट घ्यायचे, हे त्यांनी ठरवलंच होतं. लेकीच्या वेळी जमलं नव्हतं, ती चपलेवर शाळेत गेली, हे ते मला म्हणालेही. चेहरा असा फुललेला, की मलाही भरून आलं. मी बूट हातात घेतले, वास घेतला, कौतुक केलं. मग दुकानाच्या पिशवीवरची मोठी रंगीत अक्षरं दिसली आणि मी बूट खाली ठेवले.

"मामा, काउंटरवर नंबर कुणाचा दिला?"

"नेहमीचा," मामा म्हणाले.

मामांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला. ते मटकन खुर्चीत बसले.

"आता?" मी म्हटलं.

"कुंपणानंच शेत खाल्लं, पोरी," मामा म्हणाले.

मी तशीच पदर खोचून त्यांना घेऊन त्या दुकानात गेले. भाचीला शेजारी सोडलं. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, हा नंबर चुकून दिलाय, काढून टाका. तो म्हणाला, "मॅडम, बिल तो चले गया." बरं, मग पुढच्यासाठी तरी काढा. तर म्हणे, इथून निघत नाही, कंपनीला मेल करा. घेताना एका सेकंदात घेता आणि काढायला मेल? मी बरीच बडबडले. तो पोरगा शांतपणे म्हणाला, "नियम आहे मॅडम. आणि अंकलचे पॉइंट खूप जमलेत, वाया जातील." मामा एवढे गरीब होऊन माझ्या मागं उभे होते, की मी रागावणं सोडलं आणि त्यांना रसवंतीवर नेलं.

रस पिता पिता मी त्यांना म्हटलं, आपल्या गल्लीतल्या किराणावाल्याला आपलं सगळंच माहीत असतं की. साखर कमी नेली की तो ओळखतो कुणाला काय झालंय. त्याच्यापासून आपण काय लपवतो? मामा म्हणाले, "त्याला म्हाइत असतंय, पण तो गप बसतोय. हे दुकान गप बसत नाय."

घरी येताना आमचं ठरत होतं आणि मोडत होतं. मी म्हणत होते, ताई आल्या की लगेच सांगू, त्यांचं त्यांना ठरवू द्या. आज रात्रीच त्यांनी फोन करून टाकावा. मामा म्हणत होते, पत्र अजून हातात नाय, पोरगी घाबरंल, अर्धवट बोलंल. आणि जावयांचा स्वभाव आम्हा दोघांनाही माहीत होता. ग्लुकोजच्या पावडरीवरून ज्यांनी आजार ओळखला ते शाळेच्या बुटांवरून काय ओळखणार नाहीत? आता कोणत्याही क्षणी फोन येणार, "कोणत्या शाळेत घालताय? मी चौकशी करतो," आणि नणंदेच्या तोंडचं सगळं निघून जाणार. मला तिची फार कणव आली. एवढंसं मागितलं होतं तिनं, तेही आमच्या घरात सांभाळलं गेलं नाही.

जिना चढतानाच मामांच्या खिशातला फोन वाजला. जावयांचाच होता. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घ्या, न घेऊन काय होणार आहे? आम्ही जिन्यातच थांबलो.

"मामा, घरात हाव का? जवळ कोण हाये?"

"जिन्यात हाये. सूनबाई हाये," मामा म्हणाले. खोटं बोलायचं त्यांना सुचलंच नाही.

"वहिनी असल्या तर चालतंय. मामा, बूट घेतले का तुम्ही?"

मामांनी जिन्याचा कठडा धरला.

"अकरा मापाचे दिसतेत बिलावर. तिला होणार नाय ते. पंजा रुंद हाये तिचा, माझ्यावर गेलाय. बारा घ्या. आठवड्यात बदलून मिळतंय, बिल टाकू नका."

"व्हय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

मग जावई म्हणाले, "आन मामा, हिला बोलू नका मी फोन केला म्हणून. काय असंल ते ती सांगंल. ती सांगंल तवाच मला कळंल."

फोन बंद झाला. मामा जिन्याच्या पायरीवर बसले आणि पंच्यानं तोंड पुसू लागले, घाम नव्हता तिथंसुद्धा. मी उभ्या उभ्या रडले. मला त्या क्षणी त्या माणसाविषयी इतकी माया दाटून आली, की समोर असते तर मी वयाचं, नात्याचं न बघता त्यांची दृष्ट काढली असती.

बूट मामा दुसऱ्याच दिवशी बदलून घेऊन आले. काउंटरवर पुन्हा नंबर विचारला असणार. या वेळी काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

रविवार यायला अजून दोन-तीन दिवस होते. तेवढ्यात मी घरातले सगळे फोन घेऊन बसले. एकेक ॲप उघडून, त्याला काय काय दिसतं ते बघत गेले, आणि बघून थक्क झाले. एका पंचांगाच्या ॲपला मी माझे सगळे नंबर, फोटो, माईक आणि मी कुठं आहे ते, एवढं दिलं होतं. एकादशी कधी आहे हे सांगायला त्याला माझ्या भावजयीचा नंबर कशाला लागतो? बंद केलं. भाजीच्या ॲपला माझे फोटो कशाला? बंद. साड्यांची तीन काढून टाकली, एक ठेवलं, माणूस आहे मी. नणंदेच्या फोनमध्ये मला एक 'कुटुंब कुठं आहे' दाखवणारं सापडलं. तिला दाखवलं तर म्हणाली, "ते त्यांनीच घातलंय, लग्नानंतर. मी परगावी एकटी जाते तवा त्यांना काळजी वाटते." मग फोन परत घेत म्हणाली, "ते राहू द्या. त्यांना सांगूनच बंद करीन."

मला तिच्याकडे बघवेना. तिला माहीत नव्हतं ते मला माहीत होतं, आणि तेही तिचंच होतं. हा विचार मला दिवसभर टोचत राहिला. ओठांवर आलं की मी भांडी घासायला घेत होते. मामा तर तिच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते. तिनं विचारलंसुद्धा, "आबा, तुम्ही माझ्यावर रुसलाव का?"

"नाय गं माय," मामा म्हणाले आणि देवळात निघून गेले.

शनिवारी पक्कं पत्र आलं. रविवारी सकाळी जेवणाआधी नणंदेनं केस विंचरले, चांगला ड्रेस घातला, जणू जावई समोरच येणार आहेत, आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. नवरा भाचीला घेऊन खाली गेला. मामा बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसले. चष्मा कपाटावर होता. मी कोथिंबीर निवडत होते, म्हणजे काड्या ठेवत होते आणि पानं टाकत होते.

दारातून तिचा आवाज येत होता. सुरुवातीला ती नेहमीसारखी बोलत होती, भरभर, एकात एक वाक्यं घुसवून, कुणीतरी मधे पकडायच्या आत पुढे पळाल्यासारखी. नोकरी, करमाड, बस, शाळा, सगळं एका दमात. मग ती थांबली. मामांनी पेपर खाली केला.

"हॅलो?" ती आत म्हणाली. "हॅलो? ऐकू येतंय ना? हॅलो?"

मग, "बरं."

आणि त्यानंतर ती हळू बोलू लागली. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून तिला ओळखते, पण असं एकेक वाक्य शेवटाला नेऊन ठेवताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. डिप्लोमा ट्रंकेत ठेवताना काय वाटलं होतं, ते तिनं सांगितलं. मुलाखतीत कोणता प्रश्न आला, तिनं काय उत्तर दिलं, सगळं सांगितलं. सांगितल्यावाचून नाव घालणार नव्हते, हेही म्हणाली. मधे बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा तिचाच आवाज. कुकरची शिट्टी झाली, तीही तिनं होऊ दिली, आणि पुढं बोलली.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि तोंड हसत होतं. मामांनी उठायचा प्रयत्न केला आणि परत बसले.

"काय म्हणाले?" मी विचारलं. माझा आवाज मला साधा ठेवता आला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

"शाळा कधी सुरू होतीय म्हणाले. पहिल्या दिवशी सोडायला येतो म्हणाले." ती माझ्याशेजारी खाली बसली आणि माझ्या हातातली कोथिंबीर घेतली. "पण वहिनी, मधीच मला वाटलं फोन कट झाला. एवढं कधी गप नसतेत ते. मी सारखी हॅलो हॅलो करत होते. ते लाइनवरच होते, वहिनी. ऐकत होते."